एमजीबीचा कार्बोरेटर: बदलावा का, आणि बदलला तर कोणता?

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावात तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. आज यातली सर्वांत तरुण गाडीही पंचेचाळिशीला आली आहे. एवढ्या आयुष्यात क्लच बदलतो, रेडिएटर बदलतो, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही: जुना काढायचा, तसाच नवा बसवायचा. कार्बोरेटरचे तसे नाही. त्याची वेळ आली की मालकापुढे चार-पाच वाटा फुटतात. एसयूची जोडी, एकच मोठा एसयू, वर तोंड असलेला वेबर, आडवा वेबर, किंवा आहे तोच दुरुस्त करून घेणे. पुष्कळदा मग निवड होते ती बॉनेट उघडल्यावर काय छान दिसेल यावरून. वास्तविक ही निवड इंजिनाच्या हेडमध्ये आधीच बरीचशी ठरलेली असते.

एका नळावर दोन बिऱ्हाडे

एमजीबीचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातले. या घराण्याशी भारताची जुनी ओळख आहे. त्यातलेच १४८९ सीसीचे इंजिन वर्षानुवर्षे हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बॅसेडरमध्ये होते. मंत्र्यांच्या पांढऱ्या गाडीला आणि स्टेशनबाहेरच्या टॅक्सीला ज्याने ओढले, त्याच इंजिनावर दोन कार्बोरेटर चढवून एमजीबीच्या आधीची एमजीए ही स्पोर्ट्स कार तयार झाली होती. अॅम्बॅसेडरचे हेड उतरवलेल्या जुन्या मेकॅनिकला एमजीबीचे हेड दाखवले, तर त्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

त्या हेडची खोड अशी की सिलिंडर चार, पण मिश्रण आत घ्यायची तोंडे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका तोंडावर, तिसरा आणि चौथा दुसऱ्यावर. धूर बाहेर टाकायची तोंडे तीन, आणि तीही त्याच बाजूला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरने ओढ घेतली की लगेच अर्ध्या फेऱ्यात पहिला ओढ घेतो, आणि मग सुमारे एक फेरा त्या तोंडाशी सामसूम. तिसऱ्या-चौथ्याचेही तेच. चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडे असावीत आणि एकाची बादली भरत आली असतानाच दुसऱ्याने तोटी उघडावी, तसे हे चालते. दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो तोच पहिल्याचा उघडतो आणि मिश्रणाची थोडी पळवापळवी होते.

कोणताही कार्बोरेटर ही खोड घालवू शकत नाही. तिच्याशी जुळवून घेणारा कोणता, एवढेच पाहायचे. जाहिरातीतल्या अश्वशक्तीच्या आकड्यांना म्हणूनच इथे मर्यादा पडते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोंड असलेल्या इटालियन इंजिनावर ज्या कार्बोरेटरने चमत्कार केला, तो बी सिरीजवर तसाच करील असे धरून चालता येत नाही.

मूळची जोडी

कारखान्यातून एमजीबी निघाली ती दीड इंची दोन एसयू कार्बोरेटर घेऊन. आधी एचएस४ आणि १९७२ च्या मॉडेलपासून एचआयएफ४. सुरुवातीच्या गाड्यांची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती होती. एसयू म्हणजे स्किनर युनियन. स्किनर बंधू बूट विकणाऱ्या घराण्यातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हा कार्बोरेटर काढला तेव्हा त्यात चामड्याचा भाता होता. पुढे त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये कंपनी विल्यम मॉरिसच्या हाती गेली आणि ब्रिटिश गाड्यांवर एसयूने ठाण मांडले.

एसयूचे तत्त्व साधे आहे. साध्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेचा गळा ठरावीक मापाचा असतो. एसयूमध्ये तो कमी-जास्त होतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की वरच्या घुमटातला पिस्टन उचलला जातो, गळा रुंदावतो, आणि पिस्टनच्या तळाला बसवलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते. सुई वर गेली की तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येते. स्लोपासून सुसाट वेगापर्यंतचे सगळे काम एक जेट आणि एक सुई मिळून करतात. एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टनने टुणकन उडी मारू नये म्हणून त्याच्या पोकळ दांड्यात तेल असते, आणि त्यात बुडालेला डॅम्पर त्याला क्षणभर रोखतो. त्या क्षणी गळा अरुंद राहतो, ओढ वाढते आणि मिश्रण थोडे रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते. वेगळ्या पंपाची गरजच उरत नाही. हे तेल आटले की गाडी पिकअप घेताना अडखळते. अशा किती तरी गाड्यांना नवा कार्बोरेटर सुचवला गेला असेल. त्यांना हवे होते चमचाभर २० ग्रेडचे तेल.

बी सिरीजच्या खोडीशी एसयूचे जमते ते या बदलत्या गळ्यामुळे. ओढ कमी-अधिक, मध्येच खंडित अशी आली तरी पिस्टन तिच्याप्रमाणे उचलला जातो. दोन तोंडांना दोन कार्बोरेटर आणि मधे त्यांना जोडणारी नळी ही मांडणी इंजिनाला बेतूनच केलेली आहे.

अमेरिकेतली अडचण

१९७५ पासून अमेरिकेसाठीच्या एमजीबीवर दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग १७५ सीडी आला. कारण धुराचे कायदे. तत्त्व एसयूचेच, फक्त पिस्टनच्या काटेकोर बसणीऐवजी रबरी पडदा. चोक आपोआप चालणारा, इंजिनातल्या गरम पाण्यावर. मॅनिफोल्ड आत येणाऱ्या मिश्रणाचा आणि बाहेर जाणाऱ्या धुराचा एकत्र ओतलेला, आणि त्याला खाली चिकटलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाची ताकद पासष्टच्या आसपास घसरली. उष्णतेने ते ओतीव मॅनिफोल्ड तडकू लागले, रबरी पडदे फाटू लागले. एमजीबीला कार्बोरेटर बदलण्याची सवय लागली ती मुख्यतः या गाड्यांमुळे.

इथे एक खर्च आधी लक्षात येत नाही. मॅनिफोल्ड एकत्र असल्याने नुसता कार्बोरेटर बदलून भागत नाही. आधीच्या वर्षांतला धुराचा मॅनिफोल्ड आणि त्याचा पाइपही घ्यावा लागतो. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक माफ आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही. त्या राज्यात १९७८ ची एमजीबी रस्त्यावर ठेवायची तर मूळ झेनिथ आणि त्याभोवतालचा सगळा पसारा जागेवर लागतो. बे एरियातल्या ज्या मराठी घरांत जुनी गाडी घ्यायचा विचार चालला असेल, त्यांनी रंग आणि सीटच्या आधी मॉडेलचे वर्ष पाहावे.

आधी निदान

कार्बोरेटरच्या तक्रारी निम्म्या वेळा इग्निशनच्या निघतात, असे गॅरेजमध्ये गमतीने म्हणतात. गंमत असली तरी कामाचा क्रम त्यातूनच ठरतो: आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन, मग पॉइंट आणि टायमिंग, आणि सगळ्यांत शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला की नवा कार्बोरेटर बसवूनही गाडी तशीच धडधडते, आणि दोष नव्या कार्बोरेटरवर जातो.

पहिली तपासणी पानाही न उचलता होते. किल्ली फिरवली की मागच्या बाजूला असलेला एसयूचा विजेवरचा पेट्रोल पंप टकटक करू लागतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की ही टकटक मंदावते आणि थांबते. इंजिन बंद असतानाही ती थांबतच नसेल, तर पेट्रोल कुठे तरी जाते आहे: नळी गळते आहे, नाही तर फ्लोटचा व्हॉल्व्ह मिटत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होते आहे. हा दोष काही रुपयांच्या व्हॉल्व्हचा.

दुसरी तपासणी बोटांची. थ्रॉटलचा दांडा चिमटीत धरून वर-खाली हलवून पाहायचा. तो लडबडत असेल, तर झिजलेल्या बुशाच्या फटीतून आगाऊ हवा आत शिरते. स्लोला मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, होते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी स्लो स्थिर राहत नाही. जुन्या एसयूचा खरा म्हातारपणाचा आजार हाच. उपाय म्हणजे बॉडीला नवे बुश घालणे, नवा दांडा, नवे जेट, नवी सुई. बॉडी सहसा झिजत नाही. साठ वर्षांपूर्वीचा एचएस४ अशा ओव्हरहॉलनंतर नव्यासारखा चालतो, आणि त्याचे सगळे भाग मिळतात, कारण एसयूचे हक्क असलेली सॉल्झबरीची बर्लन ही कंपनी आजही ते बनवते.

तिसरी तपासणी इंजिन गरम करून. पिस्टनच्या बाजूला खालून एक छोटी पिन असते. ती दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा आणि कान द्यायचा. फेरे वाढले आणि वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच. इंजिन लगेच गळपटले तर लीन. फेरे किंचित चढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. एचएस४ वर जेटखालची षट्कोनी नट एकेक बाजू फिरवत हे साधायचे. त्याआधी दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते पाहावे लागते. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरले की फुत्कार ऐकू येतो. एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक आवाज असेल तर मधल्या दांड्याचे क्लॅम्प सैल करून तो सारखा करायचा. जाणता हात हे काम अर्ध्या तासात उरकतो. 'दोन कार्बोरेटर म्हणजे कायमची कटकट' ही एसयूची बदनामी बहुतांशी क्लॅम्प सैल न करता नुसतेच मिश्रण फिरवत बसणाऱ्यांनी केलेली आहे.

वेबरच्या दोन वाटा

एदोआर्दो वेबरने १९२३ मध्ये बोलोन्यात कार्बोरेटरचा कारखाना काढला. फेरारी, मासेराती, अल्फा रोमिओ यांच्या इंजिनांवर त्याचे आडवे, दुहेरी तोंडाचे कार्बोरेटर ओळीने बसलेले दिसत, आणि त्या दिसण्याची भुरळ अजून ओसरलेली नाही. एमजीबीवर येणारे वेबर मात्र दोन अगदी वेगळ्या प्रकारचे.

पहिला ३२/३६ डीजीव्ही. तोंड वर, हवा खाली जाणारी. फोर्डच्या साध्या घरगुती गाड्यांवर तो मोठ्या संख्येने वापरला गेला. एक थ्रॉटल ३२ मिलिमीटरचा, दुसरा ३६ चा. आधी लहान उघडतो आणि पाय बराच खाली गेल्यावर मोठा सोबतीला येतो. झेनिथ काढून टाकणाऱ्या अमेरिकी मालकांत हा लोकप्रिय आहे: एकच कार्बोरेटर, दोघांना जुळवत बसायचे काम नाही, विजेचा चोक मिळतो, थंडीत पटकन सुरू होतो. उणीव मॅनिफोल्डमध्ये आहे. मधोमध एक डबा आणि तिथून दोन्हीकडे जाणारी वाट, त्यामुळे वरच्या फेऱ्यांत हे इंजिन एसयूच्या जोडीइतके मोकळे होत नाही. रोज कामाला जाणाऱ्या गाडीला पुरेसा. डोंगराच्या वळणांवर गाडी पळवायची हौस असणाऱ्याचे मन त्यात रमत नाही.

दुसरा ४५ डीसीओई. आडवा, दोन तोंडांचा. बी सिरीजवर त्याचे एकेक तोंड दोन-दोन सिलिंडरांना हवा देते. इथे गळा, मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट, पंप जेट असे सगळे सुटे आणि बदलता येण्याजोगे. जेटवरचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगतो: १४५ म्हणजे १.४५ मिलिमीटर. सुरुवातीचा अंदाज म्हणून गळ्याच्या मापाला चाराने गुणतात. गळा ३६ असेल तर मेन जेट १४५ च्या जवळपास, आणि एअर करेक्टर त्याहून ५० ने मोठा. इमल्शन ट्यूबच्या नंबरांत मात्र कसलाही क्रम नाही, तिथे अनुभवच कामाला येतो. अंदाजापासून खऱ्या मापापर्यंतचा प्रवास रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर घालून करायचा असतो. ज्याला ही सोय परवडत नाही किंवा जवळ मिळत नाही, त्याने डीसीओईच्या वाटेला जाऊ नये. चुकीच्या जेटचा वेबर चांगल्या जुळलेल्या एसयूपेक्षा हटकून वाईट चालतो आणि पेट्रोल पितो ते वेगळेच.

बसवणेही नाजूक. डीसीओई मॅनिफोल्डला घट्ट आवळायचा नसतो. इंजिनाच्या थरथरीने वाट्यांतल्या पेट्रोलला फेस येतो. मधे रबरी रिंग आणि नटाखाली वेटोळ्यांचे स्प्रिंग वॉशर घालतात. त्या वेटोळ्यांत बारीक फट दिसत राहील इतपतच नट फिरवायचे आणि वर सेल्फ-लॉकिंग नट वापरायचे. एमजीबीत बाजूचा पत्रा इतका जवळ आहे की मॅनिफोल्ड आखूड घ्यावा लागतो, आणि तरीही एअर फिल्टरला जेमतेम जागा उरते. फिल्टर काढून उघडी तोंडे मिरवणारे दिसतात, पण इंजिनात जाणारी धूळ नुसत्या देखणेपणाने थांबत नाही. वेबरसारखीच दिसणारी नक्कलही बाजारात पुष्कळ आहे. थ्रॉटलजवळची बारीक छिद्रे योग्य जागी पाडलेली नसली की स्लोवरून वेग घेताना इंजिन गचके खाते, आणि ते कोणत्याच जेटने सुधारत नाही.

किती हवा लागते

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज साध्या हिशेबाने दूर होतो. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते, म्हणजे १.८ लिटरचे इंजिन दर फेऱ्याला ०.९ लिटर हवा घेते. मिनिटाला ५,५०० फेरे आणि ८५ टक्के भरण धरले तर मिनिटाला सुमारे ४,२०० लिटर, म्हणजे दीडशे घनफूट. दीड इंची एसयूची जोडी ही हवा निवांत देते. मूळ कॅमशाफ्ट आणि मूळ हेड असलेल्या इंजिनावर ४५ डीसीओई चढवला तर त्याला देण्याइतकी हवा असते, पण इंजिनाला ती घेता येत नाही. उलट खालच्या फेऱ्यांत हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट फुटत नाही. हेड घासून मोकळे केलेले, कॅमशाफ्ट बदललेले, कॉम्प्रेशन वाढवलेले असेल तेव्हा वेबरला काम मिळते.

याच हिशेबाने एकच पावणेदोन इंची एचआयएफ४४ हा स्वस्तातला चांगला पर्याय ठरतो. मेट्रो नावाच्या जुन्या ब्रिटिश मोटारींवर तो असे. वरच्या टोकाला थोडी ताकद जाते. बाकी गाडी शांत चालते आणि जुळवायला एकच कार्बोरेटर राहतो.

कार्बोरेटरला लटकलेली कामे

कार्बोरेटर पेट्रोल-हवेखेरीज आणखी कामे करत असतो आणि ती बदलताना विसरली जातात. साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या एमजीबीत क्रँककेसमधली वाफ एसयूच्या बॉडीत जाणाऱ्या नळीने ओढली जाते. वेबर लावून ती नळी मोकळी सोडली की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून तेल पाझरू लागते. महिनाभराने मालक गॅस्केटला दोष देतो. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सला नळी न मिळाल्यास साध्या वेगात मायलेज पडते. ब्रेकच्या सर्व्होला व्हॅक्यूम मॅनिफोल्डवरून लागतो. नव्या मॅनिफोल्डला तशी तोटी आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. पेट्रोलचा दाब तीन पौंडांच्या आसपास हवा. बाजारातला जोरकस पंप बसवला तर फ्लोटचा व्हॉल्व्ह उचलला जाऊन पेट्रोल वाहते, आणि त्याच बाजूला खाली धुराचा तापलेला मॅनिफोल्ड आहे. इथे रेग्युलेटर चैन म्हणून घ्यायचा नसतो.

उसाचे पेट्रोल

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. भारताने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाची मजल गाठली, आणि त्यातला काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतो. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे जेट तेच ठेवले तर इंजिन लीन चालते, गरम होते, पिकअपला अडखळते. एसयूवर उपाय सोपा: नट दोन-तीन बाजू खाली, आणि तेवढ्याने न भागल्यास थोडी बारीक सुई. वेबरवर मेन आणि आयडल दोन्ही जेट बदलावे लागतात. जुने रबर इथेनॉलपुढे टिकत नाही, म्हणून नळ्या, सील, डायफ्राम इथेनॉलला चालणारेच घ्यावेत. भारतात एमजीबी मोजक्याच आहेत, पण हा हिशेब जुन्या अॅम्बॅसेडरला आणि पद्मिनीलाही तसाच लागू होतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वाट्यांत असे पेट्रोल ठेवू नये; ते हवेतला ओलावा ओढते आणि जस्त-अॅल्युमिनियमवर पांढरा गंज चढतो.

निवड

इंजिन मूळ अवस्थेत असेल आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर एसयूची जोडी ओव्हरहॉल करावी. जोडी नसेल तर ओव्हरहॉल केलेली घ्यावी. १९७५ पासूनच्या अमेरिकी गाडीला कायदा आड येत नसेल, तर आधीच्या मॅनिफोल्डसह एचएस४ किंवा एचआयएफ४ ची जोडी हाच सर्वांत चांगला बदल. खर्च आवरायचा असेल तर एकटा एचआयएफ४४, आणि ज्याला बॉनेट वारंवार उघडायचेच नाही त्याला डीजीव्ही. ४५ डीसीओई हेड आणि कॅमशाफ्टवर आधीच काम केलेल्यांसाठी, आणि रोलिंग रोडचे पैसे वेगळे बाजूला ठेवलेल्यांसाठी.

काही झाले तरी काढलेला कार्बोरेटर मॅनिफोल्ड, लिंकेज आणि नळ्यांसकट डब्यात भरून, वर गाडीचे वर्ष लिहून ठेवावा. भंगारात त्याचे काही येत नाही. गाडी विकताना मात्र घेणारा त्याच डब्याबद्दल विचारतो.